कागदावर न लिहिलेलं कलम

आमच्या इलोइलो शहरात माझ्याइतकी चोख खानावळ कुणाची नाही, हे मी शपथेवर सांगते. भात कधी करपला नाही, रस्सा कधी पातळ झाला नाही. फक्त गेल्या नऊ वर्षांत मी स्वतः बसून जेवले नाही. चूल पेटवण्यापासून गल्ला मोजेपर्यंत सगळं मीच करायचं आणि जेवायचं ते उभ्याउभ्या.

याचं मला काही वाटत नव्हतं. पण या खेपेस माझा नवरा क्रिस्पिन बोटीवरून दोन महिन्यांच्या रजेवर आला आणि रोज कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटाच जेवू लागला. एकदा उठताना मला "थँक्यू" म्हणाला, अगदी गिऱ्हाइकासारखा. ते मला लागलं. तो परत जाण्याआधी एकदा तरी त्याच्यासमोर बसून जेवायचंच, असं मी ठरवलं. त्यासाठी धंद्याचे सल्ले देणाऱ्या कोच तेवेसना गाठलं.

कोचनी दोन दिवस बसून पाहिलं.

"रोसेन्दाबाई, ही खानावळ नाही, जन्मठेप आहे. ही डेल्फा सहा वर्षं नुसती भांडी का घासतेय?"

"तिला सांगितलं तेवढंच करता येतं, सर."

"मग सगळं सांगा. तुम्ही जे जे करता, जे जे बोलता, ते कागदावर उतरवा."

मी उतरवायला बसले. दहा कलमं होतील असं वाटलं होतं, झाली एकशे बारा! त्यात रजा संपत आली. क्रिस्पिनची बोट सुटायच्या आदल्या दिवशी आमच्या पेठेतल्या संताचा फिएस्ता, म्हणजे वर्षाचा उत्सव होता. दुसरा दिवसच उरला नव्हता.

"आज काही झालं तरी खाली यायचं नाही," कोचनी बजावलं. कलमांचे कागद डेल्फाच्या हाती देऊन आम्ही माडीवर ताटं मांडली. मी बसले. क्रिस्पिन माझ्याकडे बघतच राहिला.

"काय बघतोस?"

"तू बसलेली कशी दिसतेस ते विसरलो होतो."

पहिला घास उचलला आणि खालून ढोल वाजला. मग खुर्च्या सरकल्या. मग आणखी खुर्च्या.

"मी जरा बघून येते."

"रोसे, बस. कोच काय म्हणाले?"

मी बसले. ढोलवाला आता जिन्याखाली वाजवत होता. मी उठलेच.

खाली पाद्रीबाबा, बँडवाले, पलीकडच्या खानावळीची मालकीण आणि तिचं अख्खं माहेर! डेल्फा दारात उभी राहून हसतमुखाने येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होती, "या, जेवायला!"

"अगं, हे काय चालवलंयस?"

"कलम सतरा, ताई."

खरंच होतं. दारावरून जाणाऱ्याला हसून "या, जेवायला" म्हणायचं, असं मीच लिहिलं होतं. एरवी आमच्यात "या, जेवायला" म्हटलं की समोरचा "जेवलोय हो" म्हणून पुढे जातो. फिएस्ताला मात्र कुणी नाही म्हणत नाही, आणि आलेल्या पाहुण्याला फुकट जेवू घालावंच लागतं. म्हणून त्या दिवशी मी दरवर्षी कुणालाही न बोलावता मुकाट्याने गिऱ्हाइकांची पार्सलं बांधते. जे बोलते ते सगळं मी लिहिलं होतं. जे बोलत नाही ते लिहायचं राहिलं होतं!

क्रिस्पिन मागोमाग आला, बाह्या सरसावल्या आणि वाढायला लागला. दुपारी दोनपर्यंत पातेली खडखडीत झाली. माडीवरची आमची दोन ताटंही कुणीतरी उचलली होती. शेवटची डुकराची तंगडी कोचांच्या ताटात होती.

"पाहिलंत?" ते चघळत म्हणाले. "एवढी माणसं आली, पण डेल्फानं तुम्हाला एकदाही हाक मारली नाही."

मला चिडायचं होतं, पण माणूस खोटं बोलत नव्हता.

संध्याकाळी पातेल्याच्या तळाची भाताची खरपुडी घेऊन आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी मीठ आणायला उठले आणि परत येईपर्यंत क्रिस्पिन टेबलावर डोकं ठेवून झोपला होता. मी उठवलं नाही. नुसती बघत बसले. सकाळी तो गेला.

आता खानावळ डेल्फा चालवते, माझ्यापेक्षा बरी. मी रोज दुपारी तासभर बसून जेवते. समोरची खुर्ची रिकामी असते आणि क्रिस्पिनची रजा अकरा महिन्यांनी आहे. फार आठवण येते हो. परवा कोचना म्हटलं, "सर, आता वेळच वेळ आहे, त्याचं काय करू?"

"दुसरी शाखा काढा," ते म्हणाले.

काढतेय. काय करणार!