वडाखालची गाडी

आमच्या शेजारचे कुशाबा कंडक्टर वडाचं पान खुडतात, अंगठ्याच्या नखानं त्याला भोक पाडतात आणि समोर उभ्या असलेल्या चार-पाच वर्षांच्या पोराच्या हातात देऊन म्हणतात, "नीट ठेव. चेकिंग होईल." पोरगं ते पान मुठीत धरून ओढ्याच्या वाळूत जाऊन बसतं. चेकिंग खरंच होतं. ज्याचं पान हरवलं असेल त्याला गोष्टीतल्या रानात मध्येच उतरवलं जातं, आणि मग त्याचं भोकाड माझ्या घरापर्यंत ऐकू येतं.

कुशाबांना एस.टी.तून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा आणि तिकिटांचा ट्रे त्यांनी डेपोत जमा केला. तोंड जमा करून घेत नाहीत, म्हणून तेवढं ते घरी घेऊन आले. गावात एक म्हातारा वारला, अंगणात माणसांची दाटी झाली, तर हे ओट्यावर उभे राहून ओरडले, "मधी गर्दी करू नका, पुढं सरका, पुढं लई जागा हाय!" माणसं सरकलीसुद्धा. मी पदर तोंडात कोंबून भिंतीकडं वळले. लोकांना वाटलं, मला फार दुःख झालं.

गोष्ट सांगायची त्यांची रीत अशी आहे. ज्याला गोष्टीत बसायचं त्यानं भाडं आणायचं. भाडं म्हणजे रानात, ओढ्यात जे सापडेल ते. गारगोटी, बाभळीची शेंग, लिंबोळी, चिंचोका, मोराचं पीस, ज्वारीचं धाट. दुकानातलं चालत नाही. एका पोरानं प्लॅस्टिकची मोटार आणली तर ती उलटीसुलटी करून त्याला परत दिली, "ही नोट आमी घेत न्हाई." भाडं घेतलं की पान द्यायचं. सगळी बसली की कुशाबा वडाची एक पारंबी दोनदा ओढतात, पोरं एका सुरात "टिन् टिन्" म्हणतात आणि गोष्ट सुटते. पारंबी एकदा ओढली की गोष्ट थांबते. कुणाला लघवीला जायचं असलं तर ते पोरगंच पारंबीकडं पळतं.

आणि जे भाडं आलं ते सगळं गोष्टीत बसलंच पाहिजे. "उभ्यानं कुणी जायाचं न्हाई," असा त्यांचा कायदा. वाळूत बोटानं रस्ता काढतात, ओल्या मातीचा घाट करतात आणि एकेक वस्तू त्या रस्त्यानं सोडतात. गारगोटी म्हातारी होते. धाटाची बैलगाडी होते. बाभळीची शेंग एकाला साप वाटते, दुसऱ्याला राणीचं पैंजण. दोघं भांडतात. मग साप राणीच्या पायात जाऊन बसतो आणि पुढचं सगळं त्यातून निघतं. कुशाबांना स्वतःला पुढं काय होणार हे ठाऊक नसतं. ते फक्त विचारतात, "मग? पुढचा थांबा कोंचा?"

एकदा मंदा नावाच्या चिमुरडीनं ओंजळभर शेळीच्या लेंड्या आणल्या. मी म्हटलं, "भावजी, हे तरी फेकून द्या."

"वैनी, भाडं दिलंय तिनं. कसं उतरवू?"

त्या लेंड्या किल्ल्यावरच्या तोफेचे गोळे झाल्या. शत्रू वासानंच पळाला. शत्रू म्हणजे एक जिवंत सोनकिडा होता. लढाई रंगात आली असताना तो आपला चालत निघून गेला. "विनंती थांबा," कुशाबा म्हणाले, आणि पारंबी ओढून त्याला रीतसर उतरू दिलं.

याचा ताप गावाला होतो. अंगणवाडीच्या बाईंनी एका पोराला आठवड्याचे वार विचारले. ते म्हणालं, "भिंगार, करंजी, तिसगाव, पाथर्डी." बाई माझ्याकडं तक्रार घेऊन आल्या. मी म्हटलं, "थांब्यांचा क्रम तर बरोबर आहे. आणि मी काय त्यांची डेपो मॅनेजर आहे?"

मला स्वतःला पोरांचं फार कौतुक नाही. वाढवली तेवढी पुरे झाली. वडाच्या सावलीला माझ्या शेळ्या असतात म्हणून मी तिथं असते, आणि कान झाकता येत नाहीत म्हणून ऐकते.

हे सगळं सुरू झालं ते इंदू गेल्यावर. इंदू म्हणजे त्यांची बायको, माझी मैत्रीण. त्या वर्षी दसरा झाला, साखर कारखान्यांची धुराडी पेटली, आमच्याकडची निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला गेली. बारकी पोरं आज्यांपाशी राहिली. आज्या दुपारच्या लवंडतात, पोरं ओढ्यात उतरतात. कुशाबा तेव्हा घरात बसवत नाही म्हणून वडाखाली येऊन बसायचे. एक पोरगी आली, त्यांच्या हातावर एक गारगोटी ठेवून नुसती उभी राहिली. हे सवयीनं म्हणाले, "कुठं जायाचं?" पोरगी म्हणाली, "आईकडं." कुशाबांनी जरा इकडं-तिकडं बघितलं. मग वाळूत बोट टेकवलं आणि रस्ता काढायला लागले. ती गारगोटी आईपर्यंत जायला दिवस मावळला.

मी हे बघितलं आणि मला रागच आला. का, ते सांगते.

नोकरीत असताना हा माणूस वर्षानुवर्षं मुक्कामी गाडीवर होता. म्हणजे रात्र कुठल्या तरी परक्या गावात, गाडीतच अंथरूण टाकून. घरी यायचा तो आंघोळीला आणि कपडे बदलायला. त्यांची एकुलती एक मुलगी सुमन लहान असताना तिला बाप म्हणजे खुंटीवरचे खाकी कपडे. गोष्ट सोडा, तिच्याशी ते धड बोललेलेही मला आठवत नाहीत. एकदा तिला सणकून ताप होता. इंदू तिला खांद्यावर टाकून फाट्याकडं पळत होती, पिशवी घेऊन मागं मी. गाडी समोर उभी. दारात हेच. आम्हाला बघितलं, घड्याळ बघितलं आणि टिन् टिन् दोरी ओढली. धूळ आम्हा तिघींच्या तोंडात गेली. पुढं कितीतरी दिवस पारावर ते अभिमानानं सांगायचे, "गाडी टायमाला सुटती. घरच्यांसाठीसुदिक थांबली न्हाई."

पोरगी बरी झाली. शिकली, लग्न होऊन संगमनेरला गेली. इंदू असेपर्यंत यायची. नंतर नुसता फोन. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवते. बास.

यंदा मे महिन्यात तिच्या घराचं काम निघालं म्हणून ती आठवडाभर राहायला आली. बरोबर तिची आर्या, पाच वर्षांची. आर्या पहिल्याच दुपारी चिंचोका घेऊन वाळूत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ती इतर पोरांची पानं तपासत होती. सुमन मात्र वडाकडं फिरकली नाही. मी माझ्या चुलीपाशी भाकरी थापत होते, ती माझ्यापाशी येऊन बसली.

"काकू, रोज चालतं का हे?"

"रोज."

"गावच्या पोरांना गोष्टी सांगतात." ती हसली, पण ते हसण्यासारखं नव्हतं. "आम्हाला कुठं मिळालं होतं तिकीट?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. खरं तेच ती बोलत होती.

संध्याकाळी कुशाबा माझ्या दाराशी आले. चप्पल काढली, घातली, परत काढली.

"वैनी, तिला सांगा ना. एक दिवस येऊन बस म्हनावं. एकच दिवस."

"तुम्हीच सांगा की. तुमची पोरगी आहे."

"मला न्हाई जमत."

"गावभर तोंड चालतं, आणि एवढं नाही जमत?"

त्यांनी चप्पल परत घातली. मी म्हटलं, "तुमच्या दोघांच्या मध्ये मला घालू नका." ते गेले. मला वाईट वाटलं नाही. ज्यानं त्यानं आपलं बघावं.

ते दिवस तसेच गेले. रोज दुपारी पारंबी ओढायच्या आधी ते घराकडं बघायचे. ओट्यावर सुमन मोबाईल घेऊन बसलेली. मग टिन् टिन्.

शेवटच्या दिवशी पाचच्या गाडीनं दोघी निघणार होत्या. पिशव्या बांधून ओट्यावर ठेवलेल्या. वडाखाली पोरं लवकरच जमली, भाडी दिली, पानं घेतली, बसली. कुशाबा पारंबी धरून उभे राहिले. ओढेनात.

"मास्तर, सोडा की गाडी!"

"थांबा. एक शीट यायचंय."

पोरांनी थोडा वेळ दम धरला. मग ढकलाढकली, मग वाळू फेकाफेकी. एकानं लिंबोळी नाकात घालून बघितली, ती मी काढली. मंदा उठली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "टायम झाला ना? मग?" कुशाबा हलले नाहीत. सावली सरकली, पोरांच्या पाठीवर ऊन आलं. माझा संयम संपला. मी उठले आणि तिथूनच ओट्याकडं ओरडले, "सुमे! तुझ्या बापानं गाडी रोखून धरलीय. पोरं उन्हात बसलीत. येणार असलीस तर ये, नसलीस तर तसं तोंडानं सांग!"

तिनं मोबाईल खाली ठेवला. मग गवतातून वाट तुडवत आली, चेहरा रागीट.

"दादा," ती बापाला म्हणाली, "आर्याला सोडा. पाचची गाडी येईल."

"बस ना."

"गाडी चुकेल."

"चुकू दे."

मी शेळीचा दोर सोडवत होते, तो तसाच हातात राहिला. त्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. सुमननंही नसणार. ती बापाकडं बघत उभी राहिली.

"भाडं कुठाय?" मंदा म्हणाली. पोरांना दया नसते.

सुमननं इकडं-तिकडं बघितलं. तिच्या साडीच्या काठाला गवतातलं गोखरू चिकटलं होतं. तिनं ते उपटलं, बोटाला टोचलं तशी "स्स" केलं, आणि बापाच्या तळहातावर ठेवून आर्याशेजारी वाळूत बसली.

कुशाबांनी पारंबी ओढली. टिन् टिन्. मग ते हातातल्या गोखरूकडं बघत राहिले. "काटाय तो," एक पोरगं म्हणालं.

"काटा न्हाई." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "ही एक पोरगी हाय. बारकी. एवढीशी. तिचा बाप रोज अंधारात उठून गाडीवर जायाचा. तर एक दिस ती त्याच्या इजारीला चिकटली. अशी." त्यांनी ते गोखरू आपल्या पायजम्याला लावलं. "आन् तशीच गाडीत चढली. करंजीचा घाट बघितला. खिडकीतून माकडं बघितली. तिसगावला बापानं भजी खाल्ली, तिनंबी खाल्ली. राती गाडीत बाप निजला, तर तीबी तितंच निजली."

माकडं कुठं बसली होती, हे कुणी विचारलं नाही.

"आणि बापाला कळलंच नाही?" सुमननं विचारलं.

"न्हाई."

"टोचलं तरी?"

"टोचायचं की. रोज टोचायचं." कुशाबा खाली वाळूकडं बघत होते. "काय टोचतंय ते बघाया त्याला टायमच न्हवता."

सुमननं हात पुढं करून त्यांच्या पायजम्यावरचं गोखरू सोडवून घेतलं, वाळूतल्या रस्त्यावर ठेवलं आणि म्हणाली, "मग? पुढं सांगा."

फाट्याकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला. पाचची. ती थांबली, परत एकदा वाजली आणि गेली. कुशाबांनी मान वर केली नाही. सुमन उठली नाही.

त्यांच्या घरी चूल थंड होती, निघायचं म्हणून. मी शेळ्या सोडल्या आणि घरी जाऊन जास्तीचं पीठ मळायला घेतलं.