माल्टाची कडी

रोकडेभाऊंनी एका सकाळी चहा पिता पिता बल्गेरिया बंद केला. आदल्या आठवड्यात रोमानिया गेला होता. "कडी घातली, ताई," म्हणाले आणि उरलेलं बिस्कीट चहात बुडवलं. बल्गेरियाला याचा पत्ताही नसेल.

आळे गावाजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मी ऑफिस सांभाळते आणि रोकडेभाऊ कॉम्प्युटर. मूळचे ते वायरमन. कूलिंगची वायरिंग करायला आले आणि मग कॅमेरे, कॉम्प्युटर असं एकेक त्यांच्या गळ्यात पडत गेलं. एका वर्षी ऐन हंगामात बाहेरच्या कुणीतरी आमच्या सगळ्या फायली कुलूपबंद करून टाकल्या, तेव्हापासून हा माणूस बिथरला. इंटरनेटवरून येणाऱ्या प्रत्येकाला आकड्यांचा एक पत्ता असतो, आणि कुठले आकडे कुठल्या देशाचे याची यादी मिळते. ती यादी भाऊंच्या हाती लागली आणि जगाचे दिवस फिरले.

भिंतीवर त्यांनी शाळेत असतो तसला जगाचा नकाशा लावला. देश बंद केला की त्यावर वायरमनची काळी टेप. स्क्रीनवर नवा आकडा उमटला की चष्मा वर सारून त्याला विचारायचे, "पावणं कुठलं?" आकडा काय बोलणार? मग यादी बघायची, तोंड वाकडं करायचं आणि कडी घालायची. रशियाला तर टेपचं एक अख्खं रीळ लागलं.

एकदा हॉलंडला कडी बसली. आमची निम्मी द्राक्षं तिकडेच जातात. तिथल्या व्यापाऱ्याला मालाचे फोटो दिसेनात, कंटेनर दारात उभा, आणि सुपरवायझर कपाळ बडवतोय. भाऊ शांत. "तिकडची पोरं लई वात्रट हायेत, ताई. सारखी दार हलवत्यात." शेवटी टेप नखाने खरवडून काढताना हॉलंडचा थोडा समुद्रही निघून आला.

यादी शिळी झाली की घोळ व्हायचा, कारण आकडे एका देशाकडून दुसऱ्याकडे विकलेही जातात. असंच एकदा आमचे चेअरमन शिनोलीच्या घरून लॉगिन करायला गेले तर दार बंद. त्यांनी फोन केला. भाऊंनी यादी पाहिली आणि अदबीने सांगितलं, "सायेब, तुमी आत्ता सिंगापुरात हाय."

"अरे, मी गोठ्यात उभा आहे!"

"असाल, सायेब. पण यादीत न्हाई."

आम्ही हसून हसून बेजार झालो. भाऊ मात्र हसले नाहीत. त्यांना हसताना मी फारसं पाहिलेलंच नाही.

हॉलंडसारखे आमचा माल घेणारे देश सोडून सगळ्या युरोपला टेप लागली तरी इटलीच्या खालचा एक ठिपका उघडा राहिला होता. माल्टा. मी टोचलं, "भाऊ, माल्टात आपल्या द्राक्षांना कोण विचारतंय? घाला की कडी."

"तिथं सुजाता असती," ते म्हणाले आणि उठून गेले.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी कळलं. सुजाता त्यांची एकुलती मुलगी. नर्सिंग करून माल्टाच्या एका वृद्धाश्रमात लागली. जाताना भाऊंनी तिला आमच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं लॉगिन दिलं, बाप कामावर पोचलेला रोज दिसावा म्हणून. मग तिची आई आजारी पडली. नवी नोकरी सोडून पोर धावत येईल, या भीतीने भाऊंनी आजार लपवला आणि आई गेल्यावरच कळवलं. "मला आईला बघूही दिलं नाहीत," एवढं बोलून सुजाताने फोन ठेवला, आणि नंतर नंबरही बदलला.

पण रोज सकाळी भाऊ गाडी लावून गेटपाशी उभे राहिले की माल्टाहून कुणीतरी तो कॅमेरा उघडायचं. तिकडे तेव्हा पहाट, रात्रपाळी संपत आलेली. भाऊ थोडा वेळ तसेच थांबायचे, रुमालाने गाडी पुसल्यासारखं करायचे आणि आत येऊन माझ्या स्क्रीनकडे बघायचे. "पावणं येऊन गेलं," म्हणायचे. ती जिवंत आहे हे त्यांना कळायचा दुसरा रस्ता नव्हता.

यंदा परदेशी खरेदीदाराची नवी अट आली. भारत आणि माल घेणारे देश सोडून सगळं बंद, आणि बाहेरच्या कुणालाही कॅमेरा नाही. दुपारपर्यंत तपासणी होणार होती. मी चेअरमनशी भांडून पाहिलं. ते म्हणाले, "एका पोरीपायी सगळ्यांचा माल अडकवू का?" त्यांचंही चुकलं म्हणवत नाही.

त्या सकाळी भाऊंनी द्राक्षांचं खोकं फाडलं आणि पुठ्ठ्यावर जाड मार्करने लिहिलं: 'सुजा, आजपासून हे दार बंद. फोन कर. बाबा.' खाली नंबर. मला म्हणाले, "सायबांचा फोन आला की तुमीच कडी घाला, ताई. माझ्यानं न्हाई व्हणार. आन् मला येऊन सांगू नका."

पुठ्ठा छातीशी धरून ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. मागे पिकअपची रांग लागली, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागले, भाऊ हलले नाहीत. माझ्या स्क्रीनवर माल्टा उमटला. एरवी ती थोड्या वेळात निघून जायची. त्या दिवशी गेली नाही. ती बघत राहिली, आणि मी टेबलावर ठेवलेल्या भाऊंच्या मोबाइलकडे बघत राहिले. तो वाजला नाही. माझा वाजला. चेअरमन.

ती बघत असतानाच मी कडी घातली. स्क्रीनवरचा माल्टा विझला.

मग भाऊंचा मोबाइल घेऊन मी गेटवर गेले. भाऊंच्या खांद्यांना रग लागली होती, घाम डोळ्यांत उतरत होता.

"हाय का अजून?" त्यांनी कॅमेऱ्यावरची नजर न काढता विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी पुठ्ठा आणखी थोडा वर धरला.