पॅलेडियमवाले नाना

आमच्या देवपूरच्या गल्लीत लसणाची फोडणी द्यायची तर आधी नानांना विचारावं लागतं. नाना म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दिवेलागणीच्या आधी ते आमच्या गेटपाशी येतात, नाक वर करतात आणि विचारतात, "सुनंदाताई, आज काय भाजी शे?" भरीत म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. हिवाळ्यात खानदेशात राहून भरताला नाक मुरडायचं! दुसरा कोणी असता तर गल्लीत त्याची धडगत नव्हती. नाना आहेत म्हणून आम्ही निमूट खिडक्या लावून घेतो.

मी पोस्टात काम करते. खिडकीत बसून बसून मला नसत्या चौकशांची सवय लागली आहे. एक दिवस सरळ विचारलं, "नाना, लसणानं तुमचं काय घोडं मारलं?"

त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. टेबलावर साबणाच्या वडीएवढी एक डबी होती, तिला दोन वायरी. एका बाजूनं अल्कोहोल मिसळलेलं पाणी आत सोडायचं, दुसऱ्या बाजूनं हवा. ज्वाळा नाही, धूर नाही, आणि वीज तयार. "न पेटवता जाळायचं!" नाना म्हणाले. ही किमया करणारा धातू पॅलेडियम. तोही साधासुधा नाही, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. नुसती काळी शाई वाटते.

"इतका बारीक कशाला?"

"लाडू अख्खा ठेवला तर मुंग्या फक्त वरून लागतात. कुस्करा! म्हणजे सगळ्यांना जागा."

'कुस्करा' हा त्यांचा आवडता शब्द. गुळाची ढेप असो नाहीतर कॉलनीची मीटिंग, नानांचा सल्ला तोच. आता लसणाचं म्हणाल, तर त्यात गंधक असतं. ते पॅलेडियमच्या कणावर जाऊन बसलं की उठायचं नाव घेत नाही. मग कण कामातून गेला. "हाऊ धातू भलता नाजूक शे," असं ते अशा काळजीनं म्हणाले, जणू घरात कोणी बाळंतीण असावी.

हे कण ते केळीच्या सालींच्या काढ्यात तयार करतात. माझं माहेर रावेरचं, त्यामुळे घरात केळी कायम. "आतलं तुम्ही खा, साल माझी," असा आमचा करार आहे.

आणि हे सगळं कशासाठी? तर अक्कांच्या कानाच्या मशीनसाठी. अक्का म्हणजे नानांची बायको. त्यांच्या मशीनचा चार्ज रोज संध्याकाळी संपतो. नेमका नाना बोलायला बसले की संपतो. सकाळी भजनी मंडळात तेच मशीन ठणठणीत असतं. मी तर डोळ्यांनी पाहिलंय. नानांनी "त्या कणांचा आकार..." एवढं म्हटलं, आणि अक्कांचं बोट हळूच कानामागे गेलं. "बठ्ठा चार्ज संपी गया माय!" त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि मला डोळा मारला. मला हसू आवरेना. नंतर मात्र वाईट वाटलं. बायकोनं संध्याकाळी आपलं ऐकावं म्हणून हा माणूस राबतोय, आणि खरं काय ते त्याला सांगणार कोण?

परवा साली द्यायला गेले. त्या दिवशी मी खिडकी उघडी टाकून लसूण परतला होता, म्हणून बोलणी खायच्या तयारीनंच गेले. बघते तर टेबलावर खेळण्यातला पंखा भिरभिरत होता. वायरी त्या डबीच्या.

"नाना, चालतोय की!"

ते दचकले. "दिवाळीपासून चालतोय."

"आणि आमचा लसूण?"

"लसणानं थोडं नडतं. तुम्हाला सांगतो तितकं नाही."

"मग अक्कांच्या मशीनला जोडत का नाही?"

"ती बंद करते, मला माहीत शे," नाना म्हणाले. "जन्मभर वर्गावर शिकवलंय. कोण ऐकत नाही ते फळ्याकडे तोंड असलं तरी कळतं. पण ती म्हणते चार्ज पुरत नाही. आता हे जोडलं, चार्ज पुरला, आणि तरी तिनं बंदच केलं, तर?"

मी हातातल्या साली टेबलावर ठेवल्या.

तेवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या. नानांनी झटकन वायर काढली, पंखा थांबवला आणि 'अजून नाही' अशी मान हलवली. अक्कांनी कप ठेवले. नानांच्या पाठीवर हात ठेवून त्या, कमी ऐकणाऱ्यांचा असतो तशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "व्हई जाई! घाई काय शे?"

आणि हात तसाच राहू दिला. त्या हाताखाली नाना इतके सुखात दिसले, की तो पंखा फिरतो हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही.