नको म्हणायची रीत

तानाबाईंनी हातातल्या सोन्याच्या पाटल्या अंगठ्याच्या पेरापर्यंत सरकवल्या आणि धाकट्या सुनेपुढे हात धरला. "घे माय. मी पिकलं पान. मले आता काय करायच्या?"

थोरली सून वंदना दारात निश्चिंत उभी होती. सोनाळा गावातल्या त्या घरात दर संक्रांतीला पाटल्या तिच्यासाठीही अशाच पेरापर्यंत यायच्या. तिनं तीनदा "नको आत्याबाई, तुमच्याच हातात शोभतात" म्हणायचं, की पाटल्या माघारी मनगटावर. अठरा वर्षं तिनं हा नेम उपासासारखा पाळला होता. शेवटी त्या आपल्यालाच येणार, एवढाच त्या उपासाचा फराळ.

धाकटी लेना जर्मनीची. धाकट्या मुलानं, देवानंदनं, लग्नानंतर पहिल्यांदाच घरी आणलेली. तिनं पाटल्या घेतल्या, हातात चढवल्या, सासूला मिठी मारली आणि नवऱ्यानं शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "धन्यवाद, आई!"

तानाबाईंचा हात तसाच पुढे राहिला.

"आता मांगू कशा वं?" त्या चुलीपाशी येऊन वंदनाच्या कानात कुजबुजल्या.

"मंग दिल्याच काऊन?"

"अवं, ती नको म्हणंन असं वाटलं मले!"

लेनाला काही आवडलं की ती "छान!" म्हणे. आणि पाहुण्यानं छान म्हटलं की "आवडलं तं ने" म्हणायचं, ही घरची रीत. तीन दिवसांत पितळी समई गेली, नवी गोधडी गेली, वंदनाच्या माहेरची साडीही गेली. लेना म्हशीच्या पारडापुढे उभी राहून "छान!" म्हणाली, तेव्हा तानाबाईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला.

वंदनानं दिराला गाठलं. "भाऊजी, 'घे' म्हणलं की 'नको' म्हणायचं असते, हे शिकवलं नाही का तिले?"

"वहिनी, द्यायचंच नसते तं 'घे' म्हणता काऊन?"

तरी देवानंदनं बायकोला सांगितलं, की पाटल्या वहिनीला यायच्या होत्या. लेना लालबुंद होऊन आली आणि तिनं पाटल्या काढून वंदनापुढे धरल्या. "वहिनी, माझं चुकलं. या तुमच्या. घ्या."

वंदनाची बोटं पुढे झाली. पण ओसरीवर सासू बसलेली, शेजारची चांगुणा बसलेली, आणि जीभ अठरा वर्षांच्या वळणाची.

"राहू दे वं. तुह्या हातात चांगल्या दिसतात."

"नक्की?"

"हाव, नक्की." अजून एकदा विचारील, मग घेऊ, असा वंदनानं मनात हिशेब धरला.

तिसऱ्यांदा विचारायची लेनाच्या देशात पद्धत नव्हती. "धन्यवाद, वहिनी!" म्हणून तिनं पाटल्या पुन्हा घातल्या.

देवानंद-लेनाची गाडी गेली. तानाबाईंनी थोरलीच्या पाठीवरून हात फिरवला. "लाज राखली घराची. पाटल्यांचं मनावर घेऊ नको. आता कपाटात माह्यं जे काही हाये, ते तुह्यंच."

वंदनानं सरळ हात पसरला. "द्या मंग किल्ली."

तानाबाईंनी कमरेची किल्ली मुठीत धरली.

"आज शनवार हाये वं," त्या म्हणाल्या. "शनवारी लोखंड देत नसतात."