कवळी आणि कडांचे मफिन

"या घरात उरलेल्या ब्रेडचा तुकडाही यापुढे वाया जाणार नाही! ज्या हातांनी अर्ध्या गावाच्या दाढा भरल्या, तेच हात उद्या सकाळी न्याहारीचे मफिन भाजतील!"

ही घोषणा दंतवैद्यांनी शनिवारी संध्याकाळी, सासूबाई बाहेर गेल्याचं बघून, जेवणाच्या टेबलाशी उभं राहून केली. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा हवेत. 

"ओव्हन चालू कुठून होतो, माहीत आहे?" बायकोनं मान वर न करता विचारलं.

"ते बारकावे झाले."

"त्यात माझी पातेली ठेवलीत. आधी ती काढा."

डॉक्टरांनी गंभीरपणे पातेली काढली. मोठ्या कार्याची सुरुवात अशीच कुठेतरी खाली बसून होते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

खरं सांगायचं तर प्रश्न ब्रेडचा नव्हताच. प्रश्न कवळीचा होता.

डॉक्टरांच्या सासूबाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी सगळं गाव त्यांना 'बाई'च म्हणे. डॉक्टर तोंडानं 'आई' म्हणत आणि मनातल्या मनात 'बाई'. महिन्यापूर्वी बाई लेकीकडे आल्या त्या वरच्या दातांची नवी कवळी करून घ्यायला. डॉक्टरांनी जीव ओतून कवळी केली. अशी त्यांनी आजवर कुणासाठी केली नव्हती. समोरचा एक दात तर मुद्दाम किंचित तिरका बसवला, बाईंच्या जुन्या फोटोत भिंगातून बघून, अगदी मूळ दात होता तसा. बाईंनी कवळी बसवली, आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे."

आणि दुसऱ्या दिवसापासून ब्रेडच्या कडा कापायला सुरुवात केली.

रोज सकाळी बाई सुरी घेत. ब्रेडच्या चारही कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ कापत, मधला मऊ भाग चहात बुडवून खात आणि कडा उन्हात वाळवून एका डब्यात ठेवत. अन्न टाकायचं नाही हा त्यांचा नियम होता, आणि परक्या कवळीवर भरवसा ठेवायचा नाही हा दुसरा. डब्याचं झाकण खट्कन लागलं की डॉक्टरांना वाटे, अविश्वासाच्या ठरावावर आज आणखी एक सही झाली! महिनाभरात डबा गच्च भरला.

एवढंच असतं तरी त्यांनी गिळलं असतं. पण रविवारी अकरा वाजता बाईंच्या शाळेच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं आणि भाषण बाईंचं होतं.

"दोन शब्द बोलेन आणि बसेन," बाईंनी जाहीर केलं होतं. "तेसुद्धा तोंडापुढे रुमाल धरून."

"रुमाल कशाला, आई?"

"पुढच्या रांगेत लहान मुलं बसतात. कवळी एखाद्याच्या मांडीवर पडली तर घाबरायचं बिचारं."

त्या रात्री डॉक्टरांना सगळा सोहळा डोळ्यांसमोर दिसू लागला. जिच्या एका हाकेनं मैदान गप्प व्हायचं ती बाई रुमालाआडून पुटपुटणार, आणि सगळ्या गावाला कळणार की जावयाच्या हातची कवळी आहे! तेव्हा योजना ठरली. त्याच कडांचे गोड, मसालेदार मफिन करायचे. बाईंना ते नकळत खाऊ घालायचे. शेवटचा घास उतरला की उठून उभं राहायचं आणि म्हणायचं, "आई, आत्ता तुम्ही महिनाभराच्या कडा खाल्ल्या! आता बोला, रुमाल हवा?"

सकाळी डॉक्टर पांढरा कोट चढवून आणि हातमोजे घालून स्वयंपाकघरात अवतरले.

"हे काय, टेबल भूल देऊन कापणार आहात का?" बायको म्हणाली. "आणि ऐका, मी अंघोळीला जातेय. कडा दुधात भिजवा, अंडी, साखर, लोणी, मनुका, मसाला घाला, हलक्या हातानं कालवा आणि साच्यात सैलसर सोडा. सैलसर! फुगायला जागा पाहिजे."

'सैलसर' हा शब्द डॉक्टरांच्या कानातून आत गेला आणि तिथेच अडकला. सैलसर भरलेली दाढ आठवड्यात रिकामी होऊन दारात उभी राहते, हे त्यांनी पाहिलेलं होतं. जो माणूस आयुष्यभर पोकळीशी लढला, त्यानं मफिनमध्ये जाणूनबुजून पोकळी ठेवायची? त्यांनी पुढच्या खोलीतल्या दवाखान्यातून दाढ भरायची दाबणी आणली आणि मिश्रण थरावर थर देऊन ठासलं. वर जागा दिसली की आणखी कडा. मग पुन्हा दाबणी. साच्याला खळगे सहाच होते, पण डबा पूर्ण रिकामा झाला. महिन्याभराचा अविश्वास सहा खळग्यांत मावला, एवढंच नव्हे तर घट्ट बसला.

दालचिनी होती, जायफळ होतं, लवंगा मात्र संपल्या होत्या. पण दंतवैद्याच्या घरात लवंग संपते होय? दवाखान्यात लवंगेच्या तेलाची बाटली होती. थेंबभर घालायचं म्हणून त्यांनी ती मिश्रणावर तिरपी केली. बाटलीला वाटलं, आज सुट्टी आहे. तिनं हात मोकळा सोडला. डॉक्टरांनी वास घेऊन पाहिला. वास ओळखीचा होता, त्यामुळे त्यांना तो जास्त वाटला नाही.

"झाले की नाही हे कसं ओळखायचं?" त्यांनी न्हाणीघराच्या दाराशी जाऊन विचारलं.

"सुई खुपसून बघा!" आतून पाण्याच्या आवाजात उत्तर आलं. बायको त्यापुढेही काही म्हणाली, पण डॉक्टर तोवर निघाले होते. सुई खुपसून काय बघायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. दातात सुई रुतली तर कीड. रुतली नाही तर दात निरोगी.

त्यांनी तपासणीची सुई मफिनमध्ये खुपसली. रुतली! दार लावलं. थोड्या वेळानं पुन्हा खुपसली. अजून रुतत होती. डॉक्टर चिकाटीचे. शेवटी सुई वरच्या वर टणकन घसरली, तेव्हा त्यांनी समाधानानं ओव्हन बंद केला. सहाही मफिन निरोगी होते.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. वरच्या मजल्यावरचे वकील उभे. गाल सुजून टोमॅटो झालेला.

"रविवारी दवाखाना उघडलात, डॉक्टर! उपकार झाले! लवंगेचा वास थेट वरपर्यंत आला, तसाच उठून आलो."

"दवाखाना बंद आहे, वकीलसाहेब. हे मफिन आहेत."

"काही असो. वासानंच निम्मी दाढ गप्प झाली. मी इथंच बसतो."

वकील टेबलाशी बसले. बाई आल्या. इस्त्रीचे कपडे, पर्समध्ये घडी घातलेला भाषणाचा कागद आणि तो रुमाल. बायको केस पुसत आली, ताटलीकडे पाहिलं आणि जागीच थबकली.

"हे फुगले का नाहीत?"

"फुगायला त्यांच्यात हवा नाही," डॉक्टर अभिमानानं म्हणाले. "भरीव आहेत."

बाईंनी मफिन उचलला. दुसरा हात आधाराला घेतला. "वजनदार आहे."

"पौष्टिक आहे, आई."

सुरी मफिनवर ठेवली ती घसरून ताटलीवर वाजली. बाईंनी सुरी बाजूला ठेवली, जावयाकडे एकदा पाहिलं आणि पाहुणीच्या सभ्यतेनं मफिनचा सरळ चावा घेतला.

कट्!

 बाई गंभीरपणे चावत राहिल्या.

"चव कशी आहे, आई?" डॉक्टरांनी श्वास रोखून विचारलं.

"सांगता येत नाही. माझी जीभ कुठे आहे तेच कळेनासं झालंय."

"डॉक्टर," वकील हळूच म्हणाले, "मी साक्षीदार म्हणून सांगतो. मफिनला दात आलाय."

सगळ्यांनी पाहिलं. बाईंच्या हातातल्या मफिनच्या माथ्यावर, शिखरावर झेंडा रोवावा तसा, समोरचा तिरका दात ताठ उभा होता.

"अहो!" बायको म्हणाली. त्या दोन अक्षरांत लग्नापासूनचं सगळं होतं.

बाईंनी बोटानं चाचपलं. पर्समधला आरसा काढून फटीतून आरपार पाहिलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या लेकीला अगदी शांतपणे म्हणाल्या, "कवळी कच्ची होती. मला वाटलंच होतं. शाळेत फोन करून सांग, मी येत नाही."

"कच्ची? आई, ती कवळी..."

"थांबा," वकिलांनी खुर्ची पुढे ओढली. लवंगेनं त्यांची दाढ निजली होती आणि वकिली जागी झाली होती. "डॉक्टर, मफिन मऊ होता ना?"

"अर्थात! लोण्यासारखा!"

"मग तुमची कवळी लोण्यानं तुटली?"

"छे! कवळी भक्कम आहे! तशी कवळी या गावात कुणी..."

"म्हणजे मफिन दगड होता?"

डॉक्टरांनी एकदा मफिनकडे पाहिलं, एकदा त्यातल्या दाताकडे. दोन्ही मुलं आपलीच, आणि न्यायाधीश विचारतोय, फाशी कुणाला देऊ! मफिनची अब्रू वाचवावी तर कवळी जाते, कवळी वाचवावी तर कालची घोषणा, पांढरा कोट आणि दाबणी, सगळंच जातं. बायकोला तर वर्षभर पुरेल इतकं हसू सापडणार. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई भाषणाचा कागद पर्समधून काढून त्याची घडी आणखी बारीक करत होत्या, टाकून द्यायच्या कागदाची करतात तशी.

"मफिन दगड होता," डॉक्टर म्हणाले. "मी ठासून भरला आणि सुई रुतेनाशी होईपर्यंत भाजला. लवंगेचं तेलही मीच ओतलं. कवळीचा काही दोष नाही."

"सासूची समजूत काढायला म्हणताय," बाई म्हणाल्या.

"मुद्देमाल तपासू या," म्हणून वकिलांनी ताटलीतला एक मफिन उचलला आणि टेबलाच्या उंचीवरून सोडला.

धाड! फरशीचा टवका उडाला.

"माझी फरशी!" बायको किंचाळली.

बाई वाकल्या. आधी फरशी पाहिली, मग मफिन. मफिनवर ओरखडाही नव्हता.

"कशाचं केलंत हे?"

"कडांचं," डॉक्टर खाली मान घालून म्हणाले. "तुमच्याच. डब्यातल्या. तुमचा कवळीवर विश्वास बसावा म्हणून."

बाईंनी तो मफिन उचलून सगळ्या बाजूंनी पाहिला. उत्तरपत्रिका तपासावी तसा.

"याच्यानं फरशी फुटली," त्या अखेर म्हणाल्या. "आणि हेच मी चावलं."

"हो."

"आणि पडला एकच दात?"

"एकच."

"बाकीचे जागचे हलले नाहीत." त्यांनी बोटानं खात्री करून घेतली. "लावा तो. अकराला पोचायचंय."

मग दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. वकिलांनी मफिन दोन्ही हातांनी घट्ट धरला, बायकोनं दिवा धरला, डॉक्टरांनी चिमटा लावला. त्यांच्या हयातीत एवढ्या हट्टानं कुठल्याही जबड्यानं दात अडवून धरला नव्हता. मफिनला भूल देण्याची मात्र गरज पडली नाही, ती आधीच दिलेली होती.

डॉक्टर कवळीवर दात टेकवत असताना बाई खुर्चीतून तोंडावर हात धरून म्हणाल्या, "तिरका दिसतोय. सरळ बसवा."

"तुमचा मूळ दात असाच होता, आई. फोटोवरून पाहिलं मी."

बाई छताकडे बघत राहिल्या.

"त्या दातावरून मुलं माझ्या माघारी नावं ठेवायची."

"मग सरळ करू?"

"राहू दे," बाई म्हणाल्या. "ओळखतील तरी."

सभागृहात डॉक्टर शेवटच्या रांगेत बसले. बाई उभ्या राहिल्या. हातात रुमाल दिसला आणि डॉक्टर खुर्चीत खाली सरकले. पण रुमाल तोंडाकडे गेला नाही. त्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. बाईंनी बोलायला सुरुवात केली तोच वाऱ्यानं सभागृहाचं नवं दार धाडकन आपटलं. डॉक्टर जागच्या जागी उडाले, त्यांना वाटलं कवळीच! दार पुन्हा आपटलं. बाईंनी बोलणं न थांबवता शिपायाला खुणेनं बोलावलं, रुमाल सोडून त्याच्या हातात एक मफिन ठेवला आणि दाराकडे बोट केलं. अन्न टाकायचं नाही हा नियम होताच. त्यानंतर दार हललं नाही.

दोन शब्दांचं भाषण एवढं लांबलं की पुढच्या रांगेतली मुलं पेंगली. पण घाबरलं कुणी नाही.

घरी परतल्यावर डॉक्टर बाईंच्या आसपास घोटाळत राहिले. एकदा पाणी विचारलं. एकदा पंखा कमी केला, मग पुन्हा वाढवला.

"दात कसे वाटले, आई?"

"दात?" बाई पर्स आवरत होत्या. "आठवणच राहिली नाही." आणि थोड्या वेळानं, जणू दुसरंच काही सांगत असाव्यात तशा, "उद्या न्याहारीला मला साधा ब्रेड द्या. कडा काढू नका."

 डॉक्टर उठून उभे राहिले. एक हात खुर्चीच्या पाठीवर गेला, दुसरा हळूहळू हवेत.

"आई, उद्या मी स्वतःच्या हातानं..."

"नको," बाई म्हणाल्या. "तुम्ही तेवढी पातेली ओव्हनमध्ये परत ठेवा."