गद्रे सरांची चेष्टा

सॉफ्टबॉलच्या सामन्याआधी गद्रे सर समोरच्या संघापुढे खुर्ची टाकून बसायचे आणि बुटांच्या लोखंडी खिळ्यांना कानशीने धार लावायचे. अगदी शांतपणे, गवार मोडत बसल्यासारखे.

शालेय सामन्यांत खिळ्यांच्या बुटांना बंदी होती. आम्ही कॅनव्हासचे बूट घालूनच खेळायचो. सरांचे बूट दहा नंबरचे, आमच्यापैकी कोणालाच न होणारे. त्यांना हात लावायचीही सोय नव्हती. पण समोरच्यांना हे काय माहीत? खर्र खर्र ऐकलेला त्यांचा सेकंड बेसवरचा मुलगा आमच्यातलं कोणी धावत आलं की आधी स्वतःचे पाय आवरायचा.

“भिया, भीती धारेत नसते, आवाजात असते,” सर म्हणायचे. ‘भिया’ म्हणजे आमच्या उज्जैनी बोलीत भाऊ. पंचांनी हटकलं तर सरळ सांगायचे, “जूते मेरे हैं. मैं कहाँ खेल रहा हूँ?”

देवास गेटच्या दुकानांत तेव्हा नुकतेच विदेशी बूट टांगले जाऊ लागले होते. ते बघून बघून माझं डोकं फिरलेलं. अंतिम सामन्यात सर पाणी प्यायला गेले तेव्हा मी त्यांचे बूट चढवले, पुढे गणिताच्या वहीची पानं कोंबून. सेकंड बेसवर घसरत गेलो. त्या मुलाने पाय आवरला नाही. त्याच्या नडगीला सात टाके पडले.

आयोजकांनी विचारलं, बूट कोणी दिले? मी म्हणालो, सरांनी.

सरांकडे लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी हिंदीत एकच ओळ लिहिली: ‘चेष्टा मेरी थी.’ मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. आयोजकांनी हिंदीच वाचलं. सरांना संघ नेण्याची कायमची बंदी झाली. शाळेतले मराठी मास्तर पुढे कित्येक वर्षं हसत राहिले: गद्रे थट्टा म्हणायला गेला आणि गुन्हा कबूल करून बसला. मीही हसायचो.

अकरा वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो. सर एकटेच होते. मी खोटं बोलल्याचं सांगितलं आणि चाचरत म्हणालो, त्या एका शब्दाने घात केला.

“जन्म उज्जैनातला माझा,” सर म्हणाले. “मला चेष्टा कळत नाही होय?”

मग आतून बूट आणून माझ्यापुढे ठेवले. खिळे मुळापासून घासून टाकलेले. टोकात माझी पानं तशीच.

“तूच काढ,” ते म्हणाले. “येशील म्हणून राहू दिली. गणित अर्धंच सोडलंयस.”