आता हात लावतोय हं

मंगळवार पेठेत आमच्या समोरच्या खोलीत अण्णाप्पा एकटा राहायचा. पण रोज सकाळी त्याच्या खोलीतून बोलणं ऐकू यायचं, "आता दार उघडतोय हं. आता चूळ भरतोय हं." नव्या भाडेकरूंना वाटायचं, आत कुणी पाहुणा आहे. पाहुणा कुठला? त्याच्याकडे कधी कुणी आलेलं मी पाहिलं नाही.

ही सवय त्याला नोकरीनं लावली. राजारामपुरीच्या पलीकडे अपंगांचं वसतिगृह होतं, तिथं तो मदतनीस. आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं हे त्याचं काम. त्याच्याकडे विनू होता, पंचविशीचा, दृष्टी नसलेला, हातपाय आखडलेला. न सांगता अंगाला हात लागला की विनू दचकून लाकडासारखा ताठ व्हायचा. म्हणून अण्णाप्पा प्रत्येक गोष्ट आधी सांगायचा. पुढं पुढं तो सगळ्या गावालाच सांगू लागला. रिक्षात चढताना "आता बसतोय हं", आणि न्हाव्याला "आता मान वळवतोय हं."

पगार म्हणाल तर सांगायला लाज वाटावी असा. संस्थेच्या समारंभात पाहुणे त्याच्या कामाला थोर सेवा म्हणायचे. पगारवाढीचा विषय निघाला की संस्थाचालक म्हणायचे, ह्यात शिक्षण काय लागतं? आमच्या चाळीतले लोक तर त्याच्या कामाचं नाव काढून नाक मुरडायचे आणि त्याच्या हातचा चहा टाळायचे.

पस्तिशीत एकदा त्याचं लग्न जुळत आलं. कागलकडची मुलगी. सोबत मी गेलो होतो. पोहे आले तसा हा सगळ्यांदेखत म्हणाला, "आता चमचा उचलतोय हं." मी मान खाली घातली. मुलगी मात्र पदराआड हसली. मग तिच्या वडिलांनी पगार विचारला. ऐकून म्हणाले, "पावणं, ह्यात तुमचंच भागत न्हाय, माझ्या लेकीचं कसं भागणार?"

शाहूपुरीत एका गोदामावर वॉचमनची जागा होती, पगार जवळजवळ दुप्पट. ती धरली तर मुलगी देतो, असं ठरलं. अण्णाप्पानं धरली. खाकी शर्ट, शिट्टी, सगळं मिळालं. गोदामाचं शटर ओढतानाही तो शटरला सांगूनच ओढायचा.

आठवड्याभरात तो जुन्या कामावर परत. वसतिगृहातल्या नव्या माणसानं न सांगता घास भरवला आणि विनूनं जेवणच सोडलं, असं त्याच्या कानावर आलं होतं. मी भयंकर चिडलो. लग्नाचं काय, म्हणून विचारलं.

"तिला कोन बी मिळंल की," तो म्हणाला. खाकी शर्टाची घडी घालायला लागला. मग म्हणाला, "हसली हुती मातूर झ्याक."

त्यानंतर कुणी त्याला मुलगी दाखवली नाही. काही वर्षांनी विनू गेला. अण्णाप्पाकडे दुसरी मुलं आली. पगार तसाच राहिला आणि सवयही.

एकदा सकाळी समोरून काहीच ऐकू येईना. मला चैन पडेना, म्हणून दार ढकलून आत गेलो. तापानं फणफणला होता. मी फडकं भिजवलं आणि त्याच्याजवळ बसलो. इतकी वर्षं ऐकून तोंडात बसलेलं, आपसूक म्हणालो, "अण्णाप्पा, आता कपाळाला हात लावतोय हं."

त्यानं डोळे मिटून घेतले. पट्टी ठेवून मी हात उचलायला लागलो, तसा हळूच म्हणाला, "काढताना बी सांगायचं असतंय."

मग मी हात काढलाच नाही.